पेशंट निघायच्या आधी फोन निघू द्या

मा. आयुक्त साहेब, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे,
आणि दिल्लीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयात इमर्जन्सीचं काम बघणारे सर्व अधिकारी यांना,

सा.न.वि.वि.

तुम्हा सगळ्यांना एकाच पत्रात लिहितेय, कारण वेगवेगळं लिहिलं की सगळीकडून एकच उत्तर येतं, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. आणि माझा विषय नेमका तोच आहे, जे कुणा एकाच्या अखत्यारीत येत नाही म्हणून मधल्यामध्ये राहून जातं ते, म्हणजे इमर्जन्सीतल्या पेशंटला कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं हे तो निघायच्या आधी विचारून ठरवणं.

मी पालिकेच्या एका हॉस्पिटलमध्ये १९८८ ला स्टाफ नर्स म्हणून लागले आणि २०२२ ला इनचार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले, त्यातली १९ वर्षं कॅज्युअल्टीत गेली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, तिथल्याच डॉक्टरांनी, मामा-मावशींनी मला काम शिकवलं आणि तिथली माणसं आजही तितकीच राबतायत.

एक केस सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. ऑगस्ट महिना, पाऊस लागलेला, रात्री सव्वाअकराला एक मुलगा आला, २२-२३ वर्षांचा, लोकलमधून पडलेला. सोबत रेल्वे पोलिसांचा एक हवालदार आणि मुलाचा मोठा भाऊ. चादरीला सेफ्टी पिनने तीन कागद टाचलेले होते. पहिला स्टेशन मास्तरचा मेमो, पावसाने शाई पसरलेली पण वेळ वाचता येत होती, ८.३५. दुसरा पहिल्या हॉस्पिटलचा केस पेपर, ८.५५, त्यावर लिहिलेलं, हेड इंज्युरी, जीसीएस ११, सीटी स्कॅन उपलब्ध नाही, रेफर टू हायर सेंटर. तिसरा दुसऱ्या हॉस्पिटलचा, १०.०५, जीसीएस ८, व्हेंटिलेटर उपलब्ध नाही, रेफर. आमच्याकडे आला तेव्हा जीसीएस ५ आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जीसीएस म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे त्याचा स्कोअर, पूर्ण शुद्धीतल्या माणसाचा स्कोअर १५ असतो, ११ वाला माणूस हाक मारली की डोळे उघडतो, काहीतरी तुटक बोलतो, ५ वाला पोचायच्या बेतात असतो. सीटीत एक्स्ट्राड्युरल निघालं, म्हणजे कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साठलेलं रक्त. ही अशी गोष्ट आहे की वेळेत काढलं तर माणूस आठ-दहा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी जातो, मी जाताना बघितलेत.

आमचा न्यूरोचा रजिस्ट्रार, म्हणजे मेंदूची ऑपरेशन्स करणाऱ्या विभागातला निवासी डॉक्टर, त्या दिवशी संध्याकाळी सातपासून हॉस्पिटलातच होता. इमर्जन्सी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, साडेदहापर्यंत रिकामी होती. व्हेंटिलेटर एक मोकळा होता. म्हणजे ८.५५ ला त्या मुलाला जे जे लागत होतं ते सगळं तिथून काही किलोमीटरवर होतं, आणि ते तिथे आहे हे ज्याला कळायला हवं होतं त्याला कळायची काही सोयच नव्हती. दुसऱ्या केस पेपरच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फोन केला, लागला नाही. आमचा फोन लागला नाही कारण कॅज्युअल्टीचा लँडलाईन बेसिनच्या शेजारच्या टेबलावर असायचा आणि त्या वेळी आम्ही तिघी एका भाजलेल्या बाईकडे होतो, सहाच्या सहा हात गुंतलेले. रिंग मी ऐकली होती, आणि ती ऐकूनही मी उचलायला गेले नाही, हे इतक्या वर्षांनी इथे लिहितेय.

मुलगा चौथ्या दिवशी गेला. भावाने भांडण केलं नाही, आरडाओरडा केला नाही, बॉडी ताब्यात घेताना सही केली आणि एवढंच विचारलं, सिस्टर, पहिल्यांदाच इथे का नाही आणला? मी ते चारही टायमिंग घरी येऊन डायरीत लिहिले, ८.३५, ८.५५, १०.०५, ११.१५. डायरी अजून माझ्याकडे आहे.

आता ह्यात दोष कुणाचा काढायचा सांगा. पहिल्या डॉक्टरने मानेला कॉलर लावली होती, सलाईन चालू केलेलं, टाके घातलेले, त्याच्याकडे जेवढं होतं तेवढं त्याने केलं. हवालदार जेवलासुद्धा नव्हता. ॲम्ब्युलन्सवाला पावसात आणि ट्रॅफिकमध्ये जमेल तशी गाडी काढत होता. प्रत्येक माणूस आपापल्या जागी बरोबर होता आणि तरी मुलगा गेला, कारण ह्या सगळ्यांच्या मधली जागा कुणाचीच नव्हती. मी १९ वर्षांत बघितलेल्या चुकलेल्या केसेस आठवते तेव्हा त्यातल्या निम्म्याहून जास्त अशाच निघतात, औषध नव्हतं किंवा डॉक्टर नव्हता अशा कमी.

आणि हे पहिल्यांदा मीच सांगतेय असं नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक माणूस ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, त्याला एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांमध्ये फिरवलं, कुठे बेड नाही, कुठे सोय नाही, शेवटी प्रायव्हेटमध्ये पैसे भरून ॲडमिट व्हावं लागलं. तो माणूस वाचला आणि केस सुप्रीम कोर्टात गेली, पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य, निकाल १९९६ चा. कोर्टाने सांगितलं की वेळेवर इमर्जन्सी उपचार न देणं म्हणजे कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि नुसतं तेवढंच नाही सांगितलं तर काय करायचं तेही सांगितलं, की राज्यात एक मध्यवर्ती संपर्क व्यवस्था हवी, म्हणजे ज्या हॉस्पिटलमध्ये बेड आणि लागणारे उपचार आहेत तिथेच पेशंटला थेट पाठवता येईल. ते वाचलं तेव्हा मी कॅज्युअल्टीच्या ड्यूटी रूममध्ये बसले होते आणि मला एकदम त्या सेफ्टी पिनची आठवण झाली. त्याच्याही आधी १९८९ ला परमानंद कटारा केसमध्ये कोर्टाने सांगून ठेवलंय की आधी जीव वाचवा, एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद नंतर. कायद्याच्या बाजूने आता काही बाकी नाही साहेब. काम बाकी आहे.

तुम्ही म्हणाल मुंबईसारख्या शहरात हे जमणार नाही, एवढी हॉस्पिटलं, पालिकेची वेगळी, राज्य सरकारची वेगळी, रेल्वेची वेगळी, नेव्हीचं वेगळं, ट्रस्टची, प्रायव्हेट. पण जमतं. आपणच करून दाखवलंय. २०२० मध्ये कोविडात पालिकेने २४ वॉर्डांत २४ वॉर रूम उघडल्या आणि बेड कुठला हे पेशंटच्या नातेवाईकाने दारोदार फिरून शोधायचं बंद झालं, वॉर रूममधून फोन यायचा. आमच्याकडेही दिवसातून कितीतरी वेळा यायचा, सिस्टर आत्ता ऑक्सिजनचे किती, आयसीयूचे किती, व्हेंटिलेटर किती मोकळे. सुरुवातीला आम्हाला त्याचा प्रचंड त्रास व्हायचा, पीपीईमधून बाहेर येऊन आकडे सांगायचे म्हणजे काय, पण दोन-तीन आठवड्यांत लक्षात आलं की आता आपल्याकडे जो पेशंट येतोय तो आपल्याकडे जागा असल्यामुळेच येतोय, दारात अडवून परत पाठवायची वेळ येतच नाहीये. आणि एप्रिल २०२१ मधली ती रात्र, जेव्हा सहा हॉस्पिटलांमध्ये ऑक्सिजन कमी पडायला लागला आणि पालिकेने १६८ पेशंट रात्रीतून दुसरीकडे हलवले, एकही दगावला नाही. १६८ ऑक्सिजनवरचे पेशंट! एकेक ॲम्ब्युलन्स निघायच्या आधी समोर बेड तयार होता म्हणूनच हे झालं. पुढे सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या ऑक्सिजन नियोजनाचं कौतुक केलं, दिल्लीला सांगितलं की मुंबईकडून शिका.

मग ते सगळं कोविडबरोबर बंद का करायचं? लोकलमधून पडणारी माणसं काही कोविडबरोबर संपली नाहीत. मुंबईच्या लोकलवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, रूळ ओलांडताना, पडून, खांबाला आपटून, हा आकडा रेल्वे पोलिसांचाच आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारातले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, ते तुम्हाला आठवत असेल कारण ते एकाच वेळी पडले. बाकीचे एकेक करून पडतात म्हणून त्यांची बातमी होत नाही. एरवीच्या एकट्या पेशंटसाठी जी साखळी चालत नाही ती मोठ्या दिवशी अचानक कशी चालेल?

मोठे दिवसही मी बघितलेत. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी वेस्टर्नच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात बॉम्ब फुटले. मी दुपारपाळीला होते. मोबाईल बंद पडलेले, आणि आम्हाला पहिली खबर मिळाली ती टॅक्सीतून, म्हणजे टॅक्सीवाल्याने दारात गाडी लावली आणि मागच्या सीटवर दोघं होते. लोकांनी हातगाडीवरून, टेम्पोतून, चादरीत घालून माणसं आणली, मुंबईच्या माणसांनी त्या दिवशी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्यामुळेच सगळे जवळच्या हॉस्पिटलात गेले, काही ठिकाणी जमिनीवर जागा राहिली नाही आणि काही ठिकाणी डॉक्टर ग्लोव्ह्ज घालून वाट बघत उभे. आणि नातेवाईक! आम्ही फुलस्केप कागदावर नावं लिहून भिंतीला चिकटवली होती, लोक ती यादी वाचायचे, नाव नसलं की पुढच्या हॉस्पिटलला पळायचे, तिथे वेगळी यादी. एक बाई माझ्याकडे तीन वेळा येऊन गेल्या, तिन्ही वेळा वेगवेगळ्या हॉस्पिटलांना जाऊन परत आलेल्या. डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेली बोट नेव्हीच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली तेव्हाही तेच, जवळ असतील त्या बोटींनी माणसं काढली आणि ज्या धक्क्याला जी बोट लागली तिथल्या हॉस्पिटलला ती गेली, कुणी उरणच्या बाजूला, कुणी मुंबईत, आणि घरचे दोन्हीकडे शोधतायत. १८ वर्षांचं अंतर आहे ह्या दोन घटनांत.

नंबर किती आहेत बघा आपल्याकडे. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२, फायरला १०१, पालिकेच्या आपत्ती कक्षाला १९१६, रेल्वेला १३९, रेल्वे पोलिसांना १५१२, गरोदर बाईसाठी १०२. २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या आल्या, प्रत्येकीत डॉक्टर, ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिने किती जीव वाचवलेत ते आम्ही रोज बघत होतो. पण गाडी निघते तेव्हा गाडीतल्या डॉक्टरला हे माहीत नसतं की आत्ता ह्या क्षणी कुठल्या कॅज्युअल्टीत सीटी चालू आहे आणि कुठे न्यूरोसर्जन हजर आहे. तो सवयीने आणि अंतराने ठरवतो. चांगल्या डॉक्टरचा अंदाज बरोबर येतो, पण पेशंटचा जीव अंदाजावर का ठेवायचा?

बाहेरच्या देशांनी हे कसं शिकलं ते बघितलं की लक्षात येतं, कुणीही सहज शिकलेलं नाही, सगळे मार खाऊनच शिकलेत. जपानात जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. नंतर त्यांनी स्वतः हिशोब काढला की त्यातले साधारण ५०० जण नेहमीसारखे वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचले असते. म्हणजे त्यांनी स्वतःच्या मेलेल्या माणसांचा असा हिशोब मांडला, आपल्याकडे अजून कुणी मांडलेला मी तरी बघितला नाही. त्यातून त्यांनी दोन गोष्टी उभ्या केल्या, एक ईएमआयएस म्हणून कॉम्प्युटर सिस्टीम, ज्यात प्रत्येक हॉस्पिटल आपत्तीच्या वेळी भरतं की लाईट आहे का, पाणी आहे का, किती पेशंट आलेत, किती घेऊ शकतो, आणि ते देशात कुठूनही दिसतं, आणि दुसरं २००५ पासून डीमॅट, म्हणजे डॉक्टर, नर्स आणि मॅनेजमेंटचा माणूस अशी ट्रेनिंग घेतलेली टीम जी पहिल्या काही तासांत निघते. नर्स टीममध्ये आहे ह्याकडे लक्ष द्या.

पॅरिसचं तर अजून वेगळं. १३ नोव्हेंबर २०१५ ला रात्री तिथे हल्ले झाले, १३० माणसं गेली. त्याच दिवशी सकाळी तिथल्या ॲम्ब्युलन्स सेवेने आणि फायरवाल्यांनी एकत्र प्रॅक्टिस केली होती, एकाच वेळी अनेक ठिकाणी गोळीबार झाला तर काय करायचं ह्याची. रात्री खरंच तसं झालं तेव्हा तीच माणसं सकाळचंच काम परत करत होती, पेशंट कुणाकडे किती पाठवायचे ते एका ठिकाणाहून ठरत होतं. आमच्याकडेही मॉक ड्रिल व्हायचं, पण ते आपापल्या हॉस्पिटलपुरतं, गेटपासून ट्रायाज एरियापर्यंत, म्हणजे कोण जास्त गंभीर ते निवडायच्या जागेपर्यंत, लाल-पिवळे-हिरवे टॅग लावायचे, फोटो, संपलं. १०८ ची कंट्रोल रूम, रेल्वेचा माणूस आणि शेजारचं हॉस्पिटल एकाच ड्रिलमध्ये आलेत असं माझ्या १९ वर्षांत एकदाही झालं नाही.

आता दिल्लीतल्या साहेबांसाठी, कारण तुम्हाला वाटेल हे मुंबईचं आहे, आमचा काय संबंध. जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातून मेडिकल टीम धावल्या, मनापासून धावल्या, पण कोण आलंय, कुणाला काय येतं, कुणाकडे ऑपरेशनची सोय आहे, कुणाला काहीच माहीत नाही. काही टीमकडे भूलतज्ज्ञ नाही, काही ऑपरेशन करून निघून गेल्या आणि मागे ड्रेसिंग बघायला कुणी नाही. मग २०१३ ला जागतिक आरोग्य संघटनेने नियम केले, इमर्जन्सी मेडिकल टीमचे टाईप ठरवले, टाईप वन ओपीडी करणार, टाईप टू म्हणजे २० बेड आणि दिवसाला सात मोठी ऑपरेशन्स तरी, टाईप थ्री त्याहून मोठी, आणि मुख्य म्हणजे टीम उतरल्यावर आधी नोंद करायची, आम्ही कोण, आम्हाला काय येतं, किती बेड, आणि मग यजमान देशाचं आरोग्य खातं सांगणार कुठे जायचं. २०१५ ला नेपाळमध्ये शंभराहून जास्त परदेशी टीम आल्या तेव्हा काठमांडूच्या आरोग्य मंत्रालयाने असंच एका टेबलावरून वाटप केलं. म्हणजे बघा, जगाने अब्जावधी खर्चून जे शिकलं ते त्या बेसिनच्या शेजारच्या फोनचंच आहे, निघायच्या आधी विचारा, आणि विचारल्यावर उत्तर द्यायला एक माणूस बसवा.

आपला देशही जातो मदतीला, आणि मला त्याचा खरंच अभिमान आहे. फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात इस्केंदेरुनला आपल्या आर्मीच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने ३० बेडचं हॉस्पिटल चालवलं, मार्च २०२५ च्या भूकंपानंतर म्यानमारला मंडालेत आपली ११८ जणांची टीम गेली. टीव्हीवर ती आर्मीची डॉक्टर मुलगी आणि तिला मिठी मारणारी तुर्की बाई बघून मी रडले होते. पण ही सगळी आर्मीची माणसं. जपानच्या परदेशात जाणाऱ्या टीममध्ये साध्या हॉस्पिटलांतले डॉक्टर-नर्स नाव नोंदवून असतात, परत येऊन आपल्या वॉर्डात ते शिकलेलं वापरतात. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, इथल्या माणसांएवढा ट्रॉमा, म्हणजे अपघातातली गंभीर दुखापत, जगात किती जणांनी बघितलाय? ह्यांची एक टीम जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे का तयार होऊ नये, जी परदेशात जाईल, कोकणात दरड कोसळली तर महाड-चिपळूणला जाईल आणि एरवी मुंबईत बाकीच्यांना शिकवेल? इंडियाने द्यायचं आणि मुंबईने घ्यायचं असं दोन्ही त्यात होतं.

आणि उलटं चित्र डोळ्यासमोर आणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, विमानतळ बंद, रस्ते बंद, फोन बंद. उद्या तसंच किंवा त्याहून मोठं काही झालं आणि दोन दिवसांनी विमानतळावर जपानची, फ्रान्सची टीम ५० बेडचं सामान घेऊन उतरली आणि त्यांनी विचारलं, कुठे जाऊ, तर मुंबईत त्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार? पालिका, मंत्रालय, जिल्हाधिकारी, एनडीआरएफ, आरोग्य सेवा संचालनालय, ह्यातलं नक्की कोण? मे २०२३ मध्ये जी-२० ची आपत्ती निवारणाची बैठक मुंबईतच झाली होती, सगळे देश इथे बसले होते. त्या वेळी हा एक प्रश्न जरी सोडवला असता तरी खूप झालं असतं.

बाहेरचं सहकार्य म्हणजे नुसत्या परिषदा नाहीत हे आपल्याच हॉस्पिटलांनी दाखवलंय. २०१३ पासून दोन वर्षं स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटबरोबर मिळून केईएम, सायन, दिल्लीचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम इथल्या १६ हजारांहून जास्त ट्रॉमा पेशंटांची नोंद झाली, माणसं पाळीपाळीने कॅज्युअल्टीत उभी राहून लिहीत होती, किती वाजता लागलं, किती वाजता पोचला, मध्ये कुठे थांबला. माझ्या डायरीतल्या चार टायमिंगसारखे १६ हजार. अशी नोंद कायमची का नको? ज्या दिवशी आयुक्तांच्या टेबलावर दर महिन्याला कागद येईल की ह्या महिन्यात इतके पेशंट दोन किंवा जास्त हॉस्पिटलं फिरून आले, त्या दिवसापासून ते कमी व्हायला लागतील, कोविडात आकडे रोज वर जायचे म्हणूनच यंत्रणा हलत होती.

तर माझी मागणी. एक खोली, चोवीस तास, पालिकेच्या आपत्ती कक्षाला लागूनच असली तरी चालेल, जिथे १०८, रेल्वे, फायर आणि हॉस्पिटलं यांचा माणूस एकत्र बसेल, आणि एक बोर्ड, ज्यावर मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या प्रत्येक मोठ्या कॅज्युअल्टीचं चार रकान्यांत लिहिलेलं असेल, सीटी चालू का बंद, न्यूरोसर्जन आहे का, व्हेंटिलेटर किती, ओटी मोकळी का. सरकारी-प्रायव्हेट सगळे. दर दोन तासांनी अपडेट, न भरणाऱ्याला फोन. स्टेशन मास्तरच्या मेमोवर त्या खोलीचा नंबर छापा, आणि मेमो लिहायच्या आधी तो फोन लावायचा असा रेल्वेने नियम करा. खोलीने सांगितलेल्या हॉस्पिटलने पेशंट नाकारायचा नाही. प्रत्येक कॅज्युअल्टीत फोनसाठी एक वेगळा माणूस, पाळीला एक, नर्सच हवी असं नाही, पण ज्याचे हात मोकळे आहेत असा. हा शेवटचा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटेल आणि माझ्या दृष्टीने सगळं इथेच अडतं, कारण सॉफ्टवेअर तुम्ही चांगलंच घ्याल पण ते भरायला परत त्याच तिघींना सांगाल.

वर्षातून दोनदा सगळ्यांचं एकत्र ड्रिल, न सांगता, एकदा गर्दीच्या वेळी. नर्सेसना आणि वॉर्डातल्या मामांना सुद्धा जागतिक आरोग्य संघटनेचा बेसिक इमर्जन्सी केअरचा कोर्स, आपल्या डॉक्टरांनी मराठीत घेतलेला.

दिल्लीकडे अजून एक मागणं आहे. मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या पेशंटला सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना लागू झाली, फार चांगलं झालं, प्रायव्हेट हॉस्पिटलं आता दारात पैशांवरून अडून बसणार नाहीत अशी आशा आहे. पण ती मोटार वाहनांपुरतीच आहे. रूळ आणि रस्ता यांच्यात दहा फुटांचं अंतर असतं कितीतरी ठिकाणी. रस्त्यावर पडलेल्याला ती योजना लागू आणि रुळावर पडलेल्याला नाही, हे त्या भावाला मी कसं समजावलं असतं? लोकलच्या प्रवाशालाही तीच योजना लावा, जवळच्या चांगल्या प्रायव्हेट हॉस्पिटलचं दार त्याच्यासाठीही उघडू द्या, नाहीतर बोर्डावर प्रायव्हेटची नावं नुसती लिहिलेली राहतील.

पैसे आणि माणसं कुठून आणायची हा प्रश्न येणार, मला माहितीय. माणसांचं मी थोडं बघितलंय. आमच्या रिटायर झालेल्या सिस्टर्सचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी तिथे विचारलं की अशी खोली उघडली तर फोनवर बसायला कोण येईल. अकरा जणींनी नाव दिलंय, त्यातल्या चौघी रात्रपाळीला सुद्धा तयार आहेत. आम्हाला कॅज्युअल्टीची भाषा कळते, जीसीएस आठचा पेशंट आणि चौदाचा पेशंट ह्यातला फरक फोनवर आवाज ऐकून कळतो, आणि समोरचा डॉक्टर वैतागून बोलला तरी आम्ही फोन ठेवत नाही. सहा महिने चालवून बघा, फक्त सेंट्रल लाईनवर, कुर्ला ते कल्याण. खोली कुठली आणि कधीपासून एवढं कळवलंत की पुरे. मी डायरी घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त इनचार्ज सिस्टर,
भांडुप, मुंबई